महाडचा चेहरा कोण धुणार?

महाडचे लोक सध्या काळजीत आहेत. गावाची इमेज खराब झाली म्हणतात.

मला ही बातमी कळली चहाच्या टपरीवर. २० मार्चला गेलो होतो. दरवर्षी जमत नाही. गोदीत पाळी सुटत नाही आणि कंत्राटी माणसाची रजा म्हणजे सरळ खाडा. या खेपेला मुकादमाला सांगितलं, आजी मेली. आजी ठणठणीत आहे. महाडला ‘म्हाड’ म्हणायचं हे तिनंच मला शिकवलं. तळ्यावर जाऊन आलो, क्रांतिस्तंभावर गेलो, आणि परतीच्या यष्टीला वेळ होता म्हणून बाजारपेठेच्या तोंडाशी बाकड्यावर टेकलो. शेजारी चार गावकरी. एक किराणा दुकानदार, एक रिटायर मास्तर, एक एमआयडीसीत कंत्राटावर जाणारा पोरगा आणि एक नुसता हो ला हो करणारा. असा एक प्रत्येक टपरीवर असतो, त्याच्याशिवाय चर्चा पुढं सरकत नाही.

दुकानदार म्हणत होता, “महाड म्हटलं की लोकांना आठवतं काय? पूर. दरड. पडलेली बिल्डिंग. कंपनीचा वास. पेपरात नाव येतं ते मेलेल्या माणसांच्या आकड्यासकट. हायवे चौपदरी झाला, गाड्या भुर्रकन गोव्याला. पेठेत पाय ठेवणार कोण?”

मास्तर म्हणाले, रायगडाचा पायथा म्हणून गावाची जाहिरात व्हायला पाहिजे. कमान पाहिजे, दिवे पाहिजेत, तळ्यात कारंजं पाहिजे, पेठेला जुना लाकडी वाडा-लुक पाहिजे. ‘लुक’ हा शब्द मास्तरांच्याच तोंडचा. पोरगा म्हणाला, आधी गटारं काढा, लुक मग बघू. हो ला हो करणाऱ्यानं दोघांनाही मान डोलावली.

मग दुकानदार जरा आवाज खाली घेऊन म्हणाला, “आणि हे दोन दिवस. वीस मार्च, पंचवीस डिसेंबर. लाखानं माणूस येतं, ओंजळभर पाणी घेतं आणि त्याच गाडीनं जातं. पेठेत येत नाय, खरेदी करत नाय. गावाला काय मिळतं?” मग माझ्या गळ्यातल्या निळ्या रुमालाकडं लक्ष गेलं. म्हणाला, “तुम्हाला म्हणून नाय हां भाऊ.”

मला म्हणूनच होतं. पण मी भांडलो नाही. माणूस वाईट नव्हता, चहाचे पैसे त्यानंच दिले. यष्टीत मात्र रात्रभर त्याचं बोलणं डोक्यात ठोकत राहिलं, त्याचं उत्तर इथं लिहितो. तो हे मासिक वाचणार नाही. तुम्ही वाचता. म्हणून तुमच्याशीही भांडणार आहे, शेवटी.

पेठेपासून सुरू करू. शेठ, आम्ही तुमच्या पेठेत खरेदी करत नाही ही तक्रार आज तुम्ही करताय. १९२७ च्या डिसेंबरात उलट होतं. परिषदेला हजारो माणसं यायची होती, आणि महाडच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायला नकार दिला. दहा दिवसांचा शिधा बाहेरून आणावा लागला. मंडप टाकायला गावात कुणी जागा देईना, ती शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली. त्याआधी मार्चच्या परिषदेत प्यायला पाणी विकत घ्यावं लागलं होतं, चाळीस रुपयांचं. तेव्हाचे चाळीस. तळं दोन पावलांवर, आणि पाणी विकत. पेठ तेव्हाही होती, गल्ला तेव्हाही होता. तेव्हा आमच्या पैशाला विटाळ होता, आज नाही एवढाच पेठेचा विकास.

आता इमेजची गोष्ट. महाडची इमेज पुरानं बिघडवली असं ज्यांना वाटतं त्यांना आपल्याच नगरपालिकेचा इतिहास माहीत नाही. माझ्यासारखा मॅट्रिक पास हमाल सांगतो, ऐका.

४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव पास करून घेतला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना मोकळ्या करा. महाडच्या पालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये स्वतःचा ठराव केला, चवदार तळं सर्वांना खुलं. झालं. कागदावर तळं खुलं झालं. पालिकेच्या दप्तरात पाणी वाहू लागलं. प्रत्यक्षात एक थेंब आमच्या माणसाच्या घशाखाली गेला नाही. तीन वर्षं. गुरं पीत होती, मुसलमान भरत होते, आम्ही लांबून बघत होतो.

मग १९ आणि २० मार्च १९२७. बाबासाहेबांनी काय केलं? नीट बघा हं, यात आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. त्यांनी नवीन काही मागितलं नाही. त्यांनी नगरपालिकेचा ठराव अमलात आणला. पालिकेनं जे काम करायचं ते आमच्या बापजाद्यांनी पायानं चालत जाऊन, हातानं ओंजळ भरून केलं. क्रांती क्रांती म्हणतो आपण. ती एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या ठरावाची अंमलबजावणी होती. आणि त्याच्यासाठी डोकी फुटली. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून लोक लाठ्या घेऊन आले, जेवायला बसलेल्या माणसांना झोडलं. पळालेल्यांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

आणि त्यानंतर गावानं आपल्या इमेजसाठी पहिला कार्यक्रम केला. शेण, गोमूत्र, दूध, दही, एकशे आठ घागरींचा हिशेब, मंत्र. तळं शुद्ध झालं. मास्तर, तुम्ही कारंजं म्हणता ना? चवदार तळ्याचं पहिलं सुशोभीकरण हे होतं.

पुढं ४ ऑगस्ट १९२७ ला पालिकेनं आपलाच १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख लक्षात ठेवा, बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. पालिकेतल्या कारभाऱ्यांत आमच्या बाजूचे लोक नव्हते असंही नाही, सुरेंद्रनाथ टिपणीस पालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले, परिषदेला उघड मदत करणारे. पण एक चांगला माणूस खुर्चीत बसून भागत नाही. खालची सतरंजी कुणाची आहे ते बघावं लागतं. डिसेंबरात सनातनी कोर्टात गेले, तळं खाजगी आहे म्हणाले, मनाई हुकूम आणला. सार्वजनिक तळं, सार्वजनिक पैसा, आणि आमचं नाव निघताच ते एका रात्रीत खाजगी! मग १९३७ च्या १७ मार्चला हायकोर्टानं निकाल दिला आमच्या बाजूनं. १९२४ ते १९३७. एका ओंजळीला तेरा वर्षं.

तर शेठ, महाडची इमेज म्हणजे ठराव करायचा आणि अमलात आणायचा नाही. अंगाशी आलं की रद्द करायचा. तेही जमलं नाही तर कोर्टात जायचं. ही इमेज एकट्या महाडची नाही, साऱ्या महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची आहे. महाडनं फक्त ती इतिहासात छापून ठेवली. आणि त्याच महाडची दुसरी इमेज जगात कुठंही जा, ओळखतात ती कशामुळं? ज्या गर्दीनं गावाला काही मिळत नाही म्हणता, त्या गर्दीमुळं.

थोडं दासगावबद्दल सांगू द्या, मला राहवत नाही. मी धक्क्यावरचा माणूस आहे. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि सोबतचे प्रतिनिधी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं निघाले. धरमतरच्या वाटेनं गेलं तर मोटारवाले ऐनवेळी हात वर करतील ही भीती होती. समुद्रानं जात विचारली नाही. बोट सावित्रीच्या खाडीतून दासगावला लागली आणि तिथून पाचेक मैल चालत माणसं महाडात शिरली. माझा पणजा त्याच दासगावहून पुढं कधीतरी उलट्या दिशेनं मुंबईला आला, डोक्यावर वळकटी घेऊन, आणि गोदीत लागला. त्याच्या खांद्यावरचा घट्टा आजोबाला मिळाला, आजोबाचा बापाला, बापाचा मला. वतन म्हणतात ते हेच असावं. आज दासगावला बंदर म्हणावं असं काही राहिलं नाही, खाडी गाळानं भरली. महाडकर सांगतात, कोकण रेल्वेचा भराव खाडीत घातला आणि पाण्याची वाट अडली, म्हणून पूर पेठेत शिरतो. खांबांवर पूल करा ही त्यांची मागणी जुनी आहे. मी इंजिनीयर नाही. पण भरतीच्या वेळी डोंगरातून येणारं पाणी अडलं तर ते माघारी कुठं जातं हे कळायला धक्क्यावर एक पावसाळा काढला तरी पुरतं.

पुराचंच बोलू. २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी दोन्ही बाजूंनी आल्या, पेठेत दुकानं बुडाली, दुकानदाराचं सांगणं की वर्षभराचा माल चिखल झाला. मला त्याचं दुःख कळतं, खोटं कशाला बोलू. त्याच दिवशी तळियेची वाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून जास्त माणसं. त्याआधी २००५ च्या २५-२६ जुलैला जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते. तेव्हा दोनशेच्या आसपास. २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत पत्त्यासारखी पडली, सोळा मेले. ती काही पुराण्या काळातली नव्हती, कुणीतरी नकाशावर सही केल्याशिवाय पाच मजले उभे राहत नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरात एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट, कामगार जागच्या जागी जळाले. हे सगळं घडलं, आणि टपरीवर चर्चा कशाची? इमेजची. म्हणजे माणसं मेली याचं दुःख एका पारड्यात आणि पेपरात छापून आलं याचं दुसऱ्या पारड्यात, आणि दुसरं पारडं खाली!

आणि एक सांगा. २०२१ ला पूर ओसरल्यावर पेठेतला गुडघाभर चिखल कुणी काढला? ठाणे, नवी मुंबईच्या महापालिकांनी सफाई कामगारांची पथकं पाठवली. ती माणसं कोण होती हे जात विचारून कळावं लागतं का? कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं, संडासाचं पाणी मिसळलेला गाळ. माझा एक चुलतभाऊ अशाच एका शहराच्या सफाई खात्यात कंत्राटावर आहे, त्यानं पुराच्या गावात काम केलंय. म्हणतो, पहिल्या दिवशी लोक पाया पडत होते, चौथ्या दिवशी ओट्यावर बसलो तर उठवलं. गावाचा चेहरा धुवायला आम्ही. आणि धुतलेला चेहरा आरशात बघायला तुम्ही.

आता कारभार. दुकानदार, मास्तर, पोरगा हे तिघं जे बोलत होते ते बोलायची जागा चहाची टपरी का? कारण दुसरी जागाच नाही. हे मला आधी माहीत नव्हतं, गोदीतल्या युनियनच्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं घटना उघडून दाखवली. खेड्याला ग्रामसभा आहे, कायद्यानं घ्यावी लागते, तिथं उभा राहून माणूस सरपंचाला हिशेब विचारू शकतो. (विचारल्यावर त्याचं काय होतं हा वेगळा लेख आहे.) मोठ्या शहराला, तीन लाखांवर वस्तीच्या, प्रभाग समित्या घटनेनं बंधनकारक केल्या. महाडसारख्या तीसेक हजारांच्या गावाला ना हे ना ते. पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचं आणि मग टपरीवर बसायचं.

तेही पाच वर्षांतून एकदा म्हणायचं. राज्यभरच्या बहुतेक नगरपालिकांच्या मुदती २०२१-२२ च्या सुमारास संपल्या, निवडणुका कोर्टकचेरीत अडकल्या आणि २०२५ च्या डिसेंबरपर्यंत सगळीकडं प्रशासक. एक सरकारी अधिकारी म्हणजे पूर्ण नगरपालिका. तोच ठराव मांडणार, तोच अनुमोदन देणार, तोच मंजूर करणार. लोकांनी मोर्चे काढले? पेठा बंद ठेवल्या? कुणाला फारसं काही वाटलंसुद्धा नाही. नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांनी, हा खेळ तर मुंबईत ज्याचं सरकार त्याच्या सोयीनं: २०१६ ला थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला पुन्हा थेट. आमच्या धक्क्यावर ठेकेदार बदलला की हजेरीचा कागद बदलतो, माणूस तोच, बोजा तोच. तसंच हे.

आता तुमच्याशी भांडण, मित्रांनो.

आपण महाडला जातो ते काय म्हणून? मी माझंच सांगतो. पायऱ्या उतरलो, ओंजळ भरली, डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. ओंजळ ओठांना लावली. आणि वर येऊन तहान लागली म्हणून बाटली घेतली. वीस रुपये. झाकण फिरवताना ते चाळीस रुपये आठवले आणि घास अडकल्यासारखं झालं. पाण्याच्या हक्कासाठी ज्या तळ्यावर माणसांनी रक्त सांडलं त्या तळ्याच्या काठावर मी पाणी विकत घेऊन पितोय, आणि माझ्या आजूबाजूचे सगळे तेच करतायत, आणि कुणाला काही वावगं वाटत नाही. बाटली विकणारा पोरगा आपलाच होता. जयभीम म्हणाला. सुट्टे नव्हते म्हणून मी एक बिस्कीटपुडा घेतला.

आपण तळ्याचं तीर्थ करून टाकलं, सरळ सांगतो. तीर्थाला कारंजं चालतं, रोषणाई चालते, कमान चालते. मास्तरांचं स्वप्न आणि आपलं स्वप्न एकच होऊन बसलंय, फक्त कमानीवर नाव कुणाचं यावर वाद. वर्षाचे दोन दिवस आपण महाडचे, उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस तिथल्या वस्तीत आपली जी माणसं राहतात त्यांचं काय? त्यांच्या नळाला पाणी किती वाजता येतं? पुरात त्यांचं घर कितव्या पायरीपर्यंत बुडतं? राखीव जागेवरून निवडून येणारा नगरसेवक सभेत तोंड उघडतो का, की ज्याच्या पैशानं निवडून आला त्याच्या तोंडाकडं बघून हात वर करतो? मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे? आपल्या एकाही मासिकात मी हे वाचलेलं नाही. कविता आहेत चवदार तळ्यावर, ढिगानं. माझ्याच चार आहेत.

इथं गोपाळबाबा वलंगकरांची आठवण काढू. रावढूळचे, महाड तालुक्यातले. सैन्यातून पेन्शन घेऊन आले, १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. पण १८९५ ला त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली हे किती जण सांगतात? सत्याग्रहाच्या बत्तीस वर्षं आधी महार माणूस त्याच महाडात सरकारी बोर्डावर सभासद होता. तो फक्त पुस्तक लिहून थांबला नव्हता, जिथं रस्त्या-विहिरीचे निर्णय होतात तिथं तो जाऊन बसला. आणि १९२७ च्या परिषदेची जुळवाजुळव करणारे रामचंद्र बाबाजी मोरे तेव्हा केवढे होते? चोवीस. आपल्याच वयाचा पोरगा. त्यानं तळ्यावर कविता नाही केली, पालिकेचा ठराव हातात घेऊन गावोगाव फिरला.

२० मार्च २०२७ ही शंभरावी तारीख. शताब्दी म्हटलं की पैसा येतो, मंत्री येतात, आराखडे येतात. कोनशिलेवर नावं किती इंचांत कोरायची यावर मारामाऱ्या होतात. पैसा येवो, आमचं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की त्या पैशातला रुपया कारंज्याला किती, वस्तीच्या नळाला किती, सफाई कामगाराच्या हातमोज्याला आणि कायम नोकरीला किती, हा कागद आधी बाहेर पडू द्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. बाटलीच्या निम्म्या किमतीत. कागद आला की तो तळ्याच्या पायऱ्यांवर मोठ्यानं वाचायचा. ग्रामसभा नाही ना गावाला? पायऱ्या आहेत. दुकानदारालाही बोलवायचं, मास्तरांनाही, कंपनीतल्या पोरालाही, त्या हो ला हो वाल्यालाही. खाडीतला गाळ कुणी काढायचा, भरावाचं काय, कोसळलेल्या इमारतीच्या नकाशावर सही कुणाची, हे त्यांचेही प्रश्न आहेत. पूर आला तर त्याच्या ओट्यावर आणि आमच्या उंबऱ्यावर एकाच नदीचं पाणी येतं. तो आमच्याबरोबर पायऱ्यांवर बसेल का? बसला तर बसला. नाही बसला तर कागद वाचायला त्याची परवानगी लागत नाही.

यष्टी सुटायच्या आधी दुकानदार पुन्हा भेटला. म्हणाला, “पुढच्या वेळी या तर घरी या, चहाला.” मी विचारलं, “पेठेत की घरी?” तो हसला. म्हणाला, “घरी या हो.” बायकोला विचारून सांगतो असं काही म्हणाला नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

सकाळी पाळीला हजर झालो. मुकादमानं विचारलं, आजीचं नीट झालं का सगळं? म्हटलं, झालं. आता पालिकेची सभा असेल तेव्हा अर्ज घेऊन पुन्हा महाडला जायचंय, तेव्हा कुणाला मारायचं या विचारात आहे. आजोबा तर आधीच गेलेत, आणि तेही मुकादमाला माहीत आहे.